रुग्णालयासाठी डिजिटल मार्केटिंगची सेवा : अठरा महिन्यांच्या करारानंतरचे परीक्षण

आमच्या रुग्णालयाने वेबसाइट, सर्चमधील नोंदी, ऑनलाइन जाहिराती आणि रुग्णांचे अभिप्राय ही चारही कामे फक्त आरोग्यक्षेत्रासाठी काम करणाऱ्या एका डिजिटल मार्केटिंग संस्थेकडे अठरा महिन्यांच्या कराराने सोपवली होती. तो करार नुकताच संपला. रुग्णसंपर्क विभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे संस्थेच्या माणसांशी माझा रोजचा संबंध होता, आणि करार पुढे चालू ठेवावा की नाही हे ठरवण्यासाठी व्यवस्थापनाला जे टिपण मी दिले, त्याचाच हा विस्तार आहे. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या इतर रुग्णालयांना नावापेक्षा कामाचा तपशील अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

माझे मत आधीच सांगते. त्रास होत असलेल्या माणसाला योग्य विभागाच्या दारापर्यंत आणण्याचे काम या संस्थेने फार चांगले केले. मात्र त्या माणसाने आपल्याविषयी जे सांगितले ते जपण्याच्या बाबतीत तिची दृष्टी एखाद्या दुकानाचे काम करणाऱ्या संस्थेसारखीच राहिली, आणि रुग्णालयाच्या बाबतीत हा दोष किरकोळ मानता येत नाही.

कामाची सुरुवात मला मनापासून आवडली. पहिल्या बैठकीत त्यांनी रंगसंगतीचा किंवा बोधचिन्हाचा विषय काढला नाही. त्यांच्या दोन कर्मचाऱ्यांनी दोन आठवडे आमच्या चौकशी कक्षात बसण्याची परवानगी मागितली, आणि दूरध्वनीवर लोक काय विचारतात व कोणत्या शब्दांत विचारतात, याची कोणाचेही नाव किंवा क्रमांक न लिहिता नोंद केली. त्या वहीतले प्रश्न वाचताना आमचे आम्हालाच बरेच काही उमगले. लोक विभागाचे नाव विचारत नाहीत, त्रास सांगतात. ‘नेफ्रॉलॉजी विभाग (म्हणजे मूत्रपिंडविकार विभाग) आहे का’ असे क्वचितच कोणी विचारत होते; ‘क्रिएटिनिन वाढलंय, कुणाला दाखवायचं’ हा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येत होता. डॉक्टर आज आहेत का, उपाशीपोटी यायचे का, रिपोर्ट कधी मिळेल, सोबत किती जणांनी थांबायचे, भेटीची वेळ कोणती, हे बाकीचे प्रश्न. आमची जुनी वेबसाइट उघडली की आधी स्थापनेचा इतिहास, मग व्यवस्थापनाची छायाचित्रे, मग यंत्रसामग्रीची यादी दिसत असे. वहीतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर पहिल्या पानावर नव्हते.

नवी वेबसाइट त्या वहीवरूनच उभी राहिली. प्रत्येक विभागाच्या पानावर शास्त्रीय नावाच्या शेजारी लोकांच्या तोंडचे त्रास आले, आणि त्यामुळे सर्चमध्येही ती पाने तशाच शब्दांनी शोधणाऱ्यांसमोर येऊ लागली. प्रत्येक डॉक्टरचे स्वतंत्र पान झाले. त्यावर पदव्या, बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि वेळा, बोलता येणाऱ्या भाषा आणि कोणत्या आजारांसाठी भेटावे हे साध्या वाक्यांत लिहिले गेले. डॉक्टर रजेवर गेले की ते पान जुनेच राहते आणि रुग्ण हेलपाटा घालतो, ही आमची नेहमीची अडचण होती. संस्थेने ओपीडीतल्या कर्मचाऱ्यांसाठी संगणकावर उघडणारा एक साधा पडदा (स्क्रीन) तयार करून दिला. सकाळी तेथे रजेची खूण केली की ती वेबसाइटवर लगेच दिसते. सगळ्या करारात रुग्णांचे सर्वाधिक श्रम वाचवणारी गोष्ट कोणती असे मला विचारले, तर मी याच पडद्याचे नाव घेईन.

तांत्रिक बाजूही भक्कम होती. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा, ही गूगलची मोजमापे त्यांनी कराराच्या जोडपत्रातच लिहून घेतली होती आणि पहिल्या पानावरची जड चित्रफीत काढून ती गाठलीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या मानकानुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ असावा लागतो. आमच्या फिकट निळ्या अक्षरांची त्या कसोटीवर धडगत नव्हती. ती गडद झाली, बटणे मोठी झाली. रुग्णालयाच्या वेबसाइटवर येणाऱ्यांत मोतीबिंदू असलेले, हात थरथरणारे आणि रात्री अपुऱ्या उजेडात फोन धरून बसलेले लोक असतात, म्हणून हे काम मी सजावटीत मोजत नाही.

याच टप्प्यावर एक गंभीर चूक झाली. घरी सोडताना आम्ही रुग्णाला जे कार्ड देतो, त्यावर जखमेची काळजी कशी घ्यावी हे सांगणाऱ्या पानाचा क्यूआर कोड छापलेला आहे. वेबसाइट बदलताना त्या पानाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय राहून गेली. ज्या माणसाला घरी ड्रेसिंग बदलायचे होते त्याला ‘पान सापडत नाही’ असे दिसत होते. ही बाब एका रुग्णाच्या मुलीने फोन करून कळवली, तेव्हा आमच्या लक्षात आली. संस्थेने त्याच दिवशी दुरुस्ती केली. परंतु सर्चमध्ये चांगल्या स्थानावर असलेल्या जुन्या पत्त्यांची यादी त्यांनी काळजीपूर्वक केली होती आणि छापील कागदावरचे पत्ते मात्र विचारलेही नव्हते. मार्केटिंगच्या दृष्टीने ज्या पानाला किंमत नाही, ते पान रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असू शकते.

मजकुराविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. आरोग्यविषयक पानांना गूगल वेगळ्या काटेकोरपणे पाहते. तिच्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत माणसाच्या आरोग्यावर किंवा पैशावर परिणाम करणाऱ्या विषयांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या निकषांना प्रत्यक्ष अनुभवाची जोड मिळाली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलने सर्चच्या क्रमवारीत जो मोठा बदल केला, त्याचा फटका आरोग्यविषयक वेबसाइटना इतका बसला की त्या व्यवसायातले लोक त्याला ‘मेडिक अपडेट’ म्हणू लागले. संस्थेला हे सगळे ठाऊक होते. तरीही पहिल्या तिमाहीत त्यांनी जे लेख दिले, ते कोणत्याही रुग्णालयाच्या नावाखाली चालले असते: ‘हृदयविकाराची लक्षणे’, ‘मधुमेहात काय खावे’, ‘पाठदुखीची कारणे’. त्यांत चूक फारशी नव्हती, पण आमच्या डॉक्टरांचे असेही काही नव्हते. आमच्या मधुमेहतज्ज्ञ डॉक्टरांनी असा एक लेख वाचून परत पाठवला आणि त्यावर एकच प्रश्न लिहिला: इन्सुलिन सुरू करायला माणूस का घाबरतो, हे यात कोठे आहे?

त्या प्रश्नानंतर पद्धत बदलली. संस्थेचा लेखक दर पंधरा दिवसांनी एका डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसू लागला आणि रुग्ण तपासणीच्या खोलीत प्रत्यक्षात काय विचारतात यावर लेख होऊ लागले. प्रत्येक पानाखाली तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि तपासणीची तारीख येऊ लागली. लेखांची संख्या निम्म्यावर आली, आणि तसेच व्हायला हवे होते. अँजिओग्राफीच्या आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी घरी जाईपर्यंत काय काय घडते, याचे क्रमवार वर्णन करणारे पान आता आमच्या हृदयरोग विभागातल्या परिचारिका नातेवाइकांना स्वतः उघडून दाखवतात. महिन्याला अमुक इतके लेख अशी अट करारात घालू नये, असे मी इतर रुग्णालयांना आग्रहाने सांगेन.

गूगल बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे गूगलच्या सर्चमध्ये आणि नकाशावर दिसणाऱ्या आमच्या नोंदींची, व्यवस्था त्यांनी नीट लावली. मुख्य रुग्णालय, तातडीचा विभाग आणि बाहेरून थेट दार असलेली प्रयोगशाळा यांच्या वेगळ्या नोंदी, प्रत्येकीचा वेगळा दूरध्वनी, सुटीच्या दिवसांच्या विशेष वेळा, हे सगळे झाले. कोणतीही व्यक्ती अशा नोंदीत बदल सुचवू शकते, म्हणून दर सोमवारी ती तपासण्याची शिस्तही त्यांनी आम्हाला लावली. नावापुढे ‘सर्वोत्तम’, ‘किफायतशीर’ असे शब्द जोडणे नियमांत बसत नाही, हे त्यांनी आमच्याच एका संचालकांना नम्रपणे समजावून सांगितले.

जाहिरातींचे कामही बहुतांशी जबाबदारीने झाले. आजाराच्या आधारावर माणसाचा माग काढून त्याला पुन्हा पुन्हा जाहिरात दाखवण्यास गूगलच्या नियमांत मनाई आहे, आणि संस्थेने तसा प्रयत्न केला नाही. नोकरी किंवा नर्सिंगचा प्रवेश शोधणाऱ्यांना आमची जाहिरात दिसू नये म्हणून वगळायच्या शब्दांची लांबलचक यादी त्यांनी केली. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. गुडघा प्रत्यारोपणाच्या एका जाहिरातीत मात्र ‘वेदनामुक्तीची खात्री’ असे शब्द आले होते. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ते पाहताच मोहीम थांबवायला लावली, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. खात्री देता येत नाही अशा गोष्टीची खात्री देऊन आणलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चुकीची अपेक्षा घेऊन येतो.

सर्वांत गंभीर आक्षेप ट्रॅकिंगविषयी आहे. कराराच्या सातव्या महिन्यात आमच्या आयटी विभागातल्या अभियंत्याने अपॉइंटमेंटचा फॉर्म ब्राउझरच्या तपासणी साधनातून पाहिला. फॉर्म पाठवण्याचे बटण दाबताच पानाचा पत्ता एका समाजमाध्यम कंपनीच्या सर्व्हरकडे जात होता, आणि त्या पत्त्यात विभागाचे व डॉक्टरचे नाव होते. म्हणजे एखाद्या माणसाने मानसोपचार विभागात वेळ मागितली, की ही गोष्ट आम्हाला कळत असतानाच तिसऱ्या एका कंपनीलाही कळत होती, आणि तो माणूस त्याच ब्राउझरमधून समाजमाध्यम वापरत असेल तर त्याच्या खात्याशी ती जोडली जाण्याची शक्यता होती. ही माहिती पाठवणारा ‘पिक्सेल’, म्हणजे पानात दडवलेला प्रोग्रामचा छोटा तुकडा, संस्थेने जाहिरातींचा परिणाम मोजण्यासाठी बसवला होता. आम्हाला विचारले नव्हते. खुलासा मागितला तेव्हा ‘सगळेच असे करतात’ हे उत्तर मिळाले.

सगळे करतात हे दुर्दैवाने फारसे खोटे नाही. अमेरिकेत जून २०२२ मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने तेथील नामांकित १०० रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा ३३ रुग्णालयांच्या वेबसाइटवर मेटा या फेसबुकच्या कंपनीचा पिक्सेल अपॉइंटमेंटशी संबंधित माहिती बाहेर पाठवत असल्याचे आढळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील आरोग्य खात्याने अशा साधनांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या; जून २०२४ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्यांतला काही भाग रद्द ठरवला. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात मोडते. कायदा कोठे काय म्हणतो हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण माझ्या दृष्टीने त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. डॉक्टरच्या खोलीत जे बोलले जाते ते बाहेर जाणार नाही, या भरवशावर माणूस बोलतो. अपॉइंटमेंटचा फॉर्म हा त्या खोलीचाच उंबरठा आहे.

त्याच तपासणीत दुसरी गोष्टही उघड झाली. फॉर्ममध्ये ‘आपल्या त्रासाचे वर्णन करा’ असा मोकळा रकाना होता, आणि भरलेला प्रत्येक फॉर्म आमच्याबरोबर संस्थेच्या एका सामाईक ईमेल पेटीतही जात होता. लोकांनी त्या रकान्यात जे लिहिले होते ते वाचताना माझे मन अस्वस्थ झाले. पिक्सेल काढायला संस्थेने तीन आठवडे लावले, जे एका दिवसात होण्यासारखे काम होते. फॉर्म मात्र आम्ही त्याच संध्याकाळी बंद केला. आता त्यात नाव, दूरध्वनी, विभाग आणि सोयीची वेळ एवढेच विचारले जाते. जाहिरातीतून किती लोक आले हे कळण्यासाठी आमच्याच सर्व्हरवर फॉर्मची संख्या मोजली जाते आणि नोंदणीच्या खिडकीवर ‘आमच्याविषयी कोठून कळले’ हा प्रश्न विचारला जातो. मोजमाप पूर्वीइतके बारीक राहिले नाही. निर्णय घेण्यापुरते ते पुरेसे आहे.

अभिप्रायांच्या बाबतीतही संस्थेची विचारपद्धती अशीच अपुरी होती. सुरुवातीला त्यांनी सुचवले की रुग्णांना आधी एक छोटी प्रश्नावली पाठवावी, समाधानी असलेल्यांनाच गूगलवर अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी आणि नाराज असलेल्यांना आमच्या अंतर्गत तक्रार फॉर्मकडे वळवावे. अशी निवड गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि ती प्रामाणिकही नाही. आम्ही नकार दिला. या विषयात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या आरोग्यसेवेचे उदाहरण मला नेहमी आठवते. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या डॉक्टरांविषयीचे रुग्णांचे गुणांकन आणि शेरे, नापसंतीचे शेरे धरून, स्वतःच्याच वेबसाइटवर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २०१५ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकनेही तो मार्ग धरला. आमच्याकडे तेवढी तयारी अजून नाही, पण सर्व रुग्णांना सारख्याच शब्दांत विनंती पाठवणे आम्हाला जमले.

उत्तरांच्या बाबतीत घडलेला प्रसंग याहून वाईट होता. एका वडिलांनी प्रतीक्षेच्या वेळेविषयी दोन ओळींची तक्रार लिहिली होती. संस्थेच्या कर्मचाऱ्याने आपुलकी दाखवण्याच्या हेतूने दिलेल्या उत्तरात त्यांच्या मुलाच्या शस्त्रक्रियेचा आणि वॉर्डचा उल्लेख केला. वडिलांनी स्वतः तो कोठेही केला नव्हता. आम्ही ते उत्तर तासाभरात काढले आणि मी त्यांना फोन करून क्षमा मागितली. अभिप्रायाला उत्तर देताना ती व्यक्ती आपली रुग्ण आहे हे मान्य करणेही टाळावे लागते, हे या व्यवसायातल्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवले गेले पाहिजे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका मानसोपचार केंद्राला ऑनलाइन अभिप्रायांच्या उत्तरांत रुग्णाची माहिती उघड केल्याबद्दल ३०,००० डॉलर भरावे लागले. त्याआधी २०१९ मध्ये एका दंतचिकित्सालयालाही अशाच कारणासाठी १०,००० डॉलर द्यावे लागले होते. आता आमचे उत्तर छोटे असते: आपला अनुभव चांगला नव्हता याचे वाईट वाटते, रुग्णसंपर्क विभागाच्या या क्रमांकावर बोलूया. पुढचे बोलणे फोनवर होते.

मासिक अहवालाविषयी तक्रार कमी आहे. पहिले काही अहवाल जाडजूड होते आणि त्यांत जाहिरात किती वेळा दिसली याचे आलेख भरलेले होते. मी विचारले की यातले किती जण ओपीडीत पोहोचले, तेव्हा संस्थेने टाळाटाळ न करता आमच्या टेलिफोन बोर्डाच्या नोंदी मागवल्या आणि त्या वेबसाइटवरच्या फोनच्या बटणावर झालेल्या क्लिकशी ताडून पाहिल्या. सकाळी आठ ते साडेनऊ या वेळेत सर्वाधिक फोन येत होते आणि त्यांतले पुष्कळसे उचललेच जात नव्हते, कारण त्याच वेळी कक्षातली पाळी बदलत होती. हा दोष पूर्णपणे आमचा होता. जाहिरातीवरचा खर्च वाढवा असे सांगणे संस्थेच्या फायद्याचे ठरले असते. त्यांनी त्याऐवजी तो खर्च थांबवून आधी आणखी एक माणूस फोनवर बसवा असे सांगितले. हा सल्ला मी त्यांच्या बाजूने मोठ्या अक्षरांत नोंदवते.

करार संपताना मात्र मालकीचा प्रश्न उभा राहिला. वेबसाइटचे डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, संस्थेच्या नावावर नोंदलेले होते. गूगल बिझनेस प्रोफाइलचे मुख्य मालकही तेच होते, आणि वेबसाइट सर्चमध्ये कशी दिसते हे सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमधली गेल्या सोळा महिन्यांची माहिती त्यांच्या खात्यातूनच पाहता येत होती. त्यांनी अडवणूक केली नाही, पण सगळे आमच्या नावावर येईपर्यंत दोन महिने गेले. त्या काळात तातडीच्या विभागाचा क्रमांक बदलण्याची वेळ आली असती, तर आम्हाला दुसऱ्याची वाट पाहावी लागली असती. डोमेन, नोंदी आणि जाहिरात खाते रुग्णालयाच्या संस्थात्मक ईमेलवर उघडून सेवा देणाऱ्याला केवळ व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा, ही अट पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवी होती. ती आम्ही घातली नाही, ही आमची चूक.

व्यवस्थापनाने माझ्या शिफारशीनुसार वेबसाइटची देखभाल, लेख आणि सर्च जाहिराती ही कामे याच संस्थेला आणखी एका वर्षासाठी दिली आहेत. अभिप्रायांना उत्तरे देण्याचे काम आता रुग्णसंपर्क विभाग करतो. विभागांची पाने, अपॉइंटमेंट आणि रिपोर्ट या भागांवर बाहेरच्या कंपनीचे कोणतेही ट्रॅकिंग आयटी विभागाच्या लेखी संमतीशिवाय बसवता येत नाही, असे नव्या करारात कलम आहे. छापील कागदांवरच्या सर्व क्यूआर कोडची यादी छपाई विभागाने तयार केली असून, वेबसाइटवरचा कोणताही पत्ता बदलण्याआधी संस्थेला ती यादी मागवून त्यावर सही करावी लागते.